दुःखाला कारण असतं

जग कायमचं आहे की कधीतरी संपणारं, त्याला शेवट आहे की नाही, जीव आणि शरीर एकच की वेगवेगळे, मेल्यानंतर तथागत, म्हणजे बुद्ध, उरतात की नाही, असे प्रश्न घेऊन मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू एकदा बुद्धांकडे गेला. उत्तर द्या, नाहीतर मी संघ सोडतो, असं त्याने स्पष्टच सांगितलं. बुद्धांनी उलट विचारलं, की तू संघात ये, मी तुला हे सगळं सांगतो, असं मी तुला कधी म्हणालो होतो का? मग त्यांनी बाण लागलेल्या माणसाचं उदाहरण दिलं. विषारी बाण शरीरात रुतलाय, नातेवाइकांनी वैद्य आणलाय, आणि हा माणूस म्हणतोय की बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य होता की शूद्र, उंच होता की बुटका, कोणत्या गावचा होता, धनुष्याची दोरी कशाची होती, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. ते कळायच्या आधी माणूस मरेल. मी जे सांगितलं नाही ते सांगितलं नाही असंच धर, आणि जे सांगितलं ते सांगितलं असं धर, असं बुद्ध त्याला म्हणाले. सांगितलं काय होतं? दुःख, दुःखाचं कारण, दुःखाचा निरोध म्हणजे ते थांबणं, आणि निरोधाकडे नेणारा मार्ग.

बौद्ध धम्म म्हणजे नेमकं काय, असं मला कोणी विचारलं की मी या प्रसंगापासून सुरुवात करते. त्रिशरण, पंचशील, अष्टांगिक मार्ग हे सगळं पुढे येतंच. पण रुतलेला बाण आधी बघायचा आणि मग बाकीचं बोलायचं, ही जी दिशा आहे ती एकदा कळली की पुढचं आपोआप उलगडतं.

आमच्या घरात ही दिशा आजीने आणली. ती शाळेत गेली नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि तिथेच लाखो लोकांना दिली. त्यानंतर सोलापुरातल्या आमच्या वस्तीतही घरोघरी रीत बदलली, त्यात आमचं घर होतं. आजीच्या बाबतीत सगळ्यात मोठा बदल कोणता झाला असेल, तर तिने ‘नशीब’ हा शब्द टाकला. कोणाचं काही वाईट झालं आणि शेजारीण ‘तिचं नशीबच फुटकं’ म्हणाली, की आजी लगेच म्हणायची, “नशीब ठेव बाजूला. कारण काय, ते बग की आधी.” लहानपणी मला तो तिचा करडेपणा वाटायचा. बाई रडतेय आणि आजी चौकशी करतेय! पण त्या चौकशीतूनच कुणाचा अडलेला पगार निघायचा, कुणाच्या नवऱ्याची दारू निघायची, कुणाचं महिनोन्‌महिने अंगावर काढलेलं दुखणं निघायचं. आणि मग आजी पदर खोचून निघायची.

आजोबांनी इथल्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत, उभी हयात काढली. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त होता, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत, असं ते सांगायचे. असं का, हे मला फार उशिरा कळलं. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, आणि कांडी म्हणजे त्यातली सुताची नळी. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवतो, आणि त्या काळात तिचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर घेत असत. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून विटाळ. मुंबईच्या गिरण्यांत याच कारणाने अस्पृश्य कामगारांना विणकामापासून लांब ठेवलं होतं, आणि १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मागण्यांच्या यादीत ही मागणी घ्यायला लावली. एवढ्याशा भोकातून ओढलेलं सूत, आणि त्यावर अख्ख्या पिढ्यांचा पगार ठरत होता. आजोबांना ते नशीब वाटलं असतं तर ते गप्प बसले असते. कारण कळलं म्हणून त्यांना राग आला, आणि त्या रागाने त्यांनी मुलांना शिकवलं.

आता या विचाराच्या उगमाकडे जाऊ. सिद्धार्थ गौतमाचा जन्म लुंबिनीचा, आज ते नेपाळमध्ये आहे. सम्राट अशोकाने तिथे उभारलेला स्तंभ अजून आहे. शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, असं त्यावर कोरलेलं आहे, आणि म्हणून गावाचा कर कमी करून एक अष्टमांशावर आणल्याचीही नोंद आहे. मला ही नोंद फार आवडते. राजा श्रद्धेने येतो आणि गावकऱ्यांच्या डोक्यावरचा भार हलका करून जातो. परंपरेने बुद्धांचा जन्म इ.स.पू. ५६३चा धरतात, बरेच अभ्यासक तो त्याहून अलीकडचा मानतात. वडील शुद्धोदन, आई महामाया. आई सात दिवसांत गेली, मावशी महाप्रजापती गौतमीने वाढवलं. पुढे स्त्रियांना संघात घ्या म्हणून आग्रह धरणारी आणि पहिली भिक्खुणी झालेली तीच.

एकोणतिसाव्या वर्षी त्याने घर सोडलं. का सोडलं? म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्यं पाहून, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. बाबासाहेबांना ती पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूसच पाहिला नसेल, हे कसं मानायचं? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते वेगळी हकिकत मांडतात. शाक्य आणि कोलिय यांच्या मधून रोहिणी नदी वाहायची, दोघेही तिच्या पाण्यावर शेती करायचे. पाण्यावरून भांडण पेटलं, शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, तो अल्पमतात गेला आणि त्याने परिव्रज्या, म्हणजे घर सोडून संन्यास, पत्करली. जुन्या पाली अट्ठकथांमध्ये, म्हणजे बुद्धवचनांवरच्या टीकाग्रंथांमध्ये, रोहिणीचं हे भांडण बुद्धत्वानंतरच्या काळात येतं. ज्येष्ठाचा महिना, पिकं करपलेली, बांधाचं पाणी एकालाच पुरेल एवढं. आधी दोन्हीकडचे मजूर एकमेकांना शिव्या देतात, मग मालक हत्यारं काढतात, आणि बुद्ध मध्ये उभे राहून विचारतात की पाण्याचं मोल जास्त की रक्ताचं?

सोलापूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात आम्ही राहतो. उजनीच्या पाण्यावरून काय काय होतं ते पाहत मोठे झालो. म्हणून मला बाबासाहेबांची मांडणी जवळची वाटते. दुःख म्हणजे फक्त म्हातारपण आणि मरण नव्हे, ते दोन गावांच्या मध्येही असतं, आणि तिथेही त्याला कारण असतं.

घर सोडल्यावर सिद्धार्थ आळार कालामाकडे ध्यान शिकला, मग उद्दक रामपुत्ताकडे. पहिल्याने ‘आता तू माझ्या बरोबरीचा झालास’ म्हणून, तर दुसऱ्याने थेट गुरूची जागा देऊ करून जवळ ठेवू पाहिलं, पण त्याचं समाधान झालं नाही. मग उरुवेलाच्या रानात कडक तपश्चर्या. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा लागावा, इतकं शरीर झिजवलं. त्यातूनही काही हाती आलं नाही तेव्हा त्याने ते सोडलं आणि सुजातेने दिलेली खीर खाल्ली. सोबतचे पाच तपस्वी ‘हा ढिला पडला’ म्हणून सोडून गेले. पिंपळाखाली ज्ञान झालं ते त्यानंतर.

आणि ज्ञान झाल्यावर ते पहिल्यांदा गेले ते याच पाच जणांकडे, सारनाथला. ज्यांनी पाठ फिरवली त्यांना आधी सांगायचं, यात मला बुद्धांचं मन दिसतं. चैनीचं टोक नको आणि शरीर जाळण्याचंही नको, मधला मार्ग घ्या, असं सांगून त्यांनी चार आर्यसत्यं मांडली. दुःख आहे. त्याचं कारण तृष्णा, म्हणजे हवंहवंसं वाटून धरून ठेवणं. ते कारण गेलं की दुःख जातं. आणि ते घालवायचा मार्ग आठ अंगांचा आहे: सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्म, उपजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी. या आठांतल्या उपजीविकेपाशी मी नेहमी थांबते. पोट कसं भरता, हा प्रश्न मुक्तीच्या मार्गातच घातलेला आहे. त्या पाचांपैकी कोंडञ्ञाला पहिल्यांदा उमगलं. काय उमगलं? जे जे उत्पन्न होतं, ते ते लयाला जातं.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत या चार सत्यांविषयीच शंका घेतली आहे. जगणं दुःख, मरण दुःख, पुन्हा जन्म दुःख, असं असेल तर माणसाला आशा कुठली, आणि ही खरंच बुद्धांची मूळ शिकवण असेल का? धम्म स्वीकारताना एवढा मोठा प्रश्न मोकळेपणाने विचारणारा माणूस आम्हाला लाभला, याचा मला अभिमान आहे. कालाम लोकांना बुद्धांनी हेच तर सांगितलं होतं: परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतात म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासा. मी माझ्यापुरतं तपासलं तेव्हा माझं लक्ष पहिल्या सत्यापेक्षा दुसऱ्यावर स्थिरावलं. हे असलं की ते होतं, हे नसलं की ते होत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा. दुःख कोणी वरून लिहून पाठवलेलं नाही. ज्या घराला शेकडो वर्षं ‘हे तुमच्या मागच्या जन्माचं’ असं ऐकवलं गेलं, त्या घराला हे वाक्य काय वाटलं असेल ते मी आजीच्या डोळ्यांत पाहिलंय.

तरीही प्रत्येक दुःखाचं कारण दूर करता येतंच असं नाही. ही बाजू मला समजली ती धम्मपद या बुद्धवचनांच्या संग्रहाच्या अट्ठकथेतल्या एका विणकराच्या मुलीमुळे. सोलापूरसारख्या मागाच्या गावात ही गोष्ट लेकराबाळांच्या तोंडी असायला हवी.

आळवी नावाच्या गावात बुद्ध आले होते. जगणं अनिश्चित आहे, मरण निश्चित आहे, याची आठवण ठेवत चला, असं त्यांनी लोकांना सांगितलं. लोकांनी ऐकलं आणि आपापल्या कामाला लागले. सोळा वर्षांची एक मुलगी मात्र ते मनात धरून बसली. तीन वर्षांनी बुद्ध पुन्हा आळवीला आले, अट्ठकथा म्हणते की खास तिच्यासाठी आले. त्या दिवशी बाप तिला सांगून गेला होता, की मागावरचं कापड थोडंच राहिलंय, धोट्याच्या कांड्या लवकर भरून आण. बुद्धांना ऐकायला जावं तर बाप मारणार. म्हणून ती आधी कांड्या भरायला बसली. तिकडे गावाने दान दिलं, जेवणं झाली, लोक उपदेश ऐकायला जमले, आणि बुद्ध गप्प बसून राहिले. तेही गप्प म्हणून सगळी सभा गप्प.

कांडी भरायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. आमच्या पलीकडच्या गल्लीत पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, कुटुंबं राहायची, आणि शाळा सुटली की मी तिथल्या एका अक्कांच्या दारात जाऊन बसायची. उजव्या हाताने चाक फिरतं, डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सरकत चातीवरच्या कांडीवर चढतं. चिमूट ढिली पडली तर कांडी पोकळ भरते आणि धोट्यात गेल्यावर सुताचा गुंता होतो. घट्ट धरली तर सूत तुटतं. अक्कांच्या तर्जनीवर सुताने पडलेली बारीक खाच होती, हळद लावली की ती पिवळी रेघ होऊन दिसायची. बोलायच्या माझ्याशी, आणि नजर सुतावर. गाठ आली की चाक आपोआप थांबायचं.

मुलगी टोपली घेऊन बापाकडे निघाली आणि वाटेत सभेच्या कडेला थांबली. बुद्धांनी मान उंचावून तिच्याकडे पाहिलं. टोपली बाजूला ठेवून ती जवळ आली. बुद्धांनी विचारलं, कुठून आलीस? माहीत नाही, ती म्हणाली. कुठे जाणार? माहीत नाही. माहीत नाही? माहीत आहे. माहीत आहे? माहीत नाही. लोक चिडले, विणकराची पोरगी बुद्धांना काहीबाही बोलतेय म्हणून. बुद्धांनी त्यांना गप्प केलं आणि तिला या उत्तरांचा अर्थ विचारला. ती म्हणाली, मी विणकराच्या घरून आले आणि मागाकडे चालले हे तुम्हाला दिसतंच आहे. या जन्मात कुठून आले आणि मेल्यावर कुठे जाईन, ते मला माहीत नाही. मरणार हे माहीत आहे. कधी, ते माहीत नाही.

ती तशीच टोपली घेऊन बापाकडे गेली. बाप मागावर बसल्या बसल्या झोपला होता. टोपली धडकून आवाज झाला, तो दचकला आणि सवयीने त्याचा हात मागावर ओढला गेला. मागाचं टोक मुलीच्या छातीत बसलं. ती तिथेच गेली. शोकाने वेडापिसा झालेला बाप बुद्धांकडे गेला आणि पुढे भिक्खू झाला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एवढं समजलेल्या मुलीला गोष्ट वाचवत का नाही? पण धम्माने तिला तसं वचन कधी दिलंच नव्हतं. चमत्काराने तिला वाचवलं असतं तर तिची चारही उत्तरं खोटी पडली असती.

ही गोष्ट मी अलीकडे अक्कांना सांगितली. आता त्या थकल्यात, माग केव्हाच गेले. ऐकताना त्यांनी मध्येच मान डोलावली, “बाप मारील म्हणून कांडी आधी भरली, हे खरंय बग. अर्धी कांडी टाकून कोण उठतंय?” शेवट ऐकून मात्र बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मागावर झोप कशी काय लागली त्याला? रात्रभर बसला असंल. कापड द्यायची घाई असंल कुणाची तरी.”

अट्ठकथेने जे विचारलं नाही ते अक्कांनी विचारलं. मला आजी आठवली, आणि आमच्या गल्लीतला तो कामगारही, ज्याचा एक डोळा यंत्रमागावरून उडालेल्या धोट्याने गेला. मागाला जाळी नव्हती. मरण येणारच, ते कोणत्याही जाळीने अडत नाही, पण डोळा जाळीने वाचला असता. दुःखात डोळे उघडे ठेवून या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या, एवढं मी धम्मातून शिकले.

त्या सभेत एका मुलीसाठी सगळे थांबले, हे काही नवल नव्हतं. शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा त्यांचा न्हावीही होता. आमचा कुळाचा माज उतरावा म्हणून आधी याला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याच्या पाया पडावं लागेल, असं राजपुत्रच म्हणाले, आणि तसंच झालं. पुढे बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या सभेत, विनयाचे म्हणजे संघाच्या शिस्तीचे नियम याच उपालीने सांगितले. भाषेचंही तसंच. दोन भिक्खूंनी बुद्धवचन वेदांसारखं छंदात बांधू का विचारलं, तेव्हा बुद्धांनी नकार दिला. ज्याने त्याने आपल्या बोलीत शिकावं. एका बोळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकत वाढलेल्या मला हा नियम घरचाच वाटतो.

धम्म आपल्या भागात बाहेरून आला, उशिरा आला, असं पुष्कळांना वाटतं. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर बघा. जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून साधं कापड आणि तलम मलमल भडोच बंदराला जात असल्याचं लिहिलंय, आणि त्याच तेरच्या उत्खननात विटांचा स्तूप निघाला. आणि आपली भीमा? पंढरपुरात चंद्रभागा होऊन, सोलापूरच्या दक्षिणेने ती कर्नाटकात उतरते आणि कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला पोचते. तिथे कनगनहळ्ळीच्या महास्तूपाच्या शिल्पपटांत राजा-राणीचं एक शिल्प आहे, त्यावर ब्राह्मीत ‘राया असोको’ असं नाव कोरलंय. अशोकाचं नाव असलेलं त्याचं शिल्प! तिथल्या उन्हात मी त्या अक्षरांसमोर किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही.

जवळच चंद्रलांबेचं देऊळ आहे. १९८६मध्ये त्याच आवारातल्या कालीच्या देवळाचं छत कोसळलं, मूर्ती भंगली, आणि खाली बैठकीला वापरलेल्या शिळेवर अशोकाचे आदेश कोरलेले दिसले. कलिंगातल्या धौली आणि जौगडला असलेले दोन स्वतंत्र आदेश त्यात आहेत, चौदावा शिलालेख आहे, आणि बारावाही आहे. बारावा म्हणतो की आपल्या पंथाच्या प्रेमापोटी जो आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. एकमेकांचा धर्म ऐका, मेळ चांगला. हा मजकूर शतकानुशतकं देवीच्या पायाखाली होता, लोक त्यासमोर हात जोडत होते, आणि कोणालाच तो वाचता येत नव्हता. कोणी द्वेषाने तिथे गाडला, असं मला वाटत नाही. चांगला सपाट दगड हवा होता, तो मिळाला.

धौलीच्या स्वतंत्र आदेशात अशोकाने असंही लिहून ठेवलंय, की तो आदेश तिष्य (पुष्य) नक्षत्राच्या दिवशी लोकांनी ऐकावा, आणि अधूनमधूनही ऐकावा, ऐकणारा एकटा असला तरी. येत्या वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना झाल्यावर बारावा शिलालेख वाचायचं ठरवलंय. मराठीतून मी वाचेन. कन्नडसाठी शाळेतल्या एक सहकारी बाई येणार आहेत, आणि तेलुगूतून अक्का सांगणार आहेत, वाचून नाही, तोंडी. त्यांची एकच अट आहे, की त्याआधी विणकराच्या मुलीची गोष्टही सांगायची, आणि ती त्याच सांगणार.